मारुतीच्या धर्मशाळेतली मोठीमाय

मोठीमाय नव्या माणसाला पाण्याआधी हातोडी देते.

आमच्या बाभुळगावात मारुतीच्या जुन्या देवळाला लागून एक धर्मशाळा आहे. पाच-सहा खोल्या, पुढे लांब ओसरी, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. पूर्वी तिथे परगावचे भाविक मुक्कामाला उतरायचे. आता भाविक मोटारसायकलवर येतात आणि नारळाचं पाणी वाळायच्या आत परत जातात. म्हणून त्या खोल्यांत आता अशी माणसं उतरतात, ज्यांना परत जायला जागा नसते. कुणाला घरमालकानं काढलेलं असतं, कुणाला सासरच्यांनी. कुणाचं मातीचं घर पावसात बसलेलं असतं. असं कुणी गठुडं घेऊन ओसरीपाशी घुटमळलं, की मोठीमाय आतून येते, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळते आणि विचारते, "पाय धुतले का?"

पाय धुऊन झाले की ती एक हातोडी आणि एक खिळा त्याच्या हातात ठेवते.

"घे. ठोक भितीले."

माणूस बावचळतो. आपल्याला काम लावताहेत असं त्याला वाटतं. एक म्हातारे गृहस्थ तर "बाई, मला सुतारकाम येत नाही," म्हणून चक्क परत निघाले होते. मोठीमायनं त्यांना धोतराच्या सोग्याला धरून आत आणलं.

मी एकदा विचारलं, "मोठीमाय, हे खिळ्याचं काय आहे?"

"तू भाड्यानं राह्यली का कधी?"

"राहिले ना. लग्नानंतर."

"मंग घरमालकानं पयली गोष्ट काय सांगतली? भितीले खिळा ठोकू नोका, हेच ना? ज्याले आपला सदरा टांगाले जागा नाही, तो माणूस दिवसभर सदरा हातात धरूनच फिरते वं. त्याले दुसरं काही सुचत नाही. एकदा सदरा टांगला की हात मोकळे होतेत."

जाताना मात्र प्रत्येकानं आपला खिळा उपटून सोबत न्यायचा. "नव्या घरी पयले हा ठोक, मंग देव मांड," असा तिचा हुकूम. त्यामुळे धर्मशाळेच्या भिंतींची चाळण झाली आहे. देवस्थान कमिटीनं रंग दिला की पंधरवड्यात नवी भोकं पडतात. कमिटीनं एकदा "भिंतीला खिळे मारू नयेत" अशी पाटी आणली. ती लावायला खिळा मोठीमायनंच दिला.

मोठीमायचं खरं नाव काय, ते मला अजूनही ठाऊक नाही. गावातही कुणाला नसावं. सगळे मोठीमायच म्हणतात. वयाचं विचारलं तर ती प्रत्येकाला वेगळं सांगते. डॉक्टरला कमी आणि बसच्या कंडक्टरला जास्त. ठेंगणी, काटक, आणि पातळावर कायम पुरुषी शर्ट. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बाया घालतात तसा. माझं शिवणकामाचं दुकान देवळाच्या अगदी समोर आहे. आमची ओळख त्या शर्टामुळेच झाली. ती दुकानात आली, शर्ट काउंटरवर टाकला आणि म्हणाली, "याले अजून दोन खिसे लाव."

"दोन आहेत ना आधीच?"

"एका खिशात चाब्या, एका खिशात खिळे. मंग माह्या सुपाऱ्या काय डोक्यावर ठेवू?"

मी खिसे लावून दिले. मी साड्यांना पिकोही करते, म्हणून तेव्हापासून मी 'पिकोवाली' झाले. वैशाली हे माझं नाव तिनं आजवर एकदाही उच्चारलेलं नाही.

मोठीमायची देवभक्ती ऐकण्यासारखी आहे, आणि ती ऐकावीच लागते, कारण माझ्या दुकानापर्यंत आवाज येतो. पहाटेची पूजा करून पुजारीबुवा बाहेर पडले, की ही गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी कंबरेवर हात ठेवून उभी राहते.

"काय गा, झाली का आंघोळ? तुही झाली. आमची कशी होईन? नळाले पाणी नाही, टाकी गळून राह्यली. अन् तू डोंगर घेऊन उभा. ठेव तो डोंगर खाली जरासा अन् पाण्याचं पाह्य."

पुजारीबुवांनी एकदा तिला समजावलं, की देवाशी असं बोलू नये. ती म्हणाली, "घर त्याचं हाये. तक्रार घरमालकापाशी नाही करीन तं कोणापाशी करीन? तुमच्यापाशी करू का?" पुजारीबुवा भित्रे आहेत. त्यांनी प्लंबर बोलावला.

कुणी तिच्या पाया पडायला वाकलं, की ती दोन पावलं मागे सरते. "पाय नको धरू, झाडू धर. तो कोपरा राह्यला." कुणी रडायला लागलं, की तिचा एकच प्रश्न असतो, "मंग काय झालं?" घर गेलं? मंग काय झालं? नवऱ्यानं काढलं? मंग काय झालं? हे ती उडवून लावायला म्हणते असं मला आधी वाटायचं. पुढे लक्षात आलं, की ती खरोखरच विचारत असते. त्यानंतर काय झालं, ते सांग. आणि समोरचं माणूस सांगत सुटतं. ती तूर निवडत सगळं ऐकते. 'अरेरे' म्हणत नाही, 'देव पाहून घेईल' म्हणत नाही. शेवटी फक्त एवढंच म्हणते, "बरं. आता पोहे खाय."

एकदा काही जण गाडी घेऊन आले होते. धर्मशाळेवर मोबाइलात काहीतरी चित्रित करायचं होतं. त्यांनी तिच्यासमोर माइक धरून विचारलं, "आजी, इथे किती बेघर लोक राहतात?"

"इथं बेघर कोणी नाही राहत."

"मग हे सगळे?"

"पाहुणे हायेत. मारुतीचे. तुम्ही बी पाय धुऊन घ्या, मंग बोला."

ते पाय न धुताच गेले.

पण पाहुणा लांबला, तर तेही तिला खपत नाही. माणूस जरा सावरलं, चार दिवस कामावर जाऊन आलं, की मोठीमाय त्याच्यासाठी भाड्याची खोली शोधायला निघते. खोलीला ती 'स्थळ' म्हणते. "पाण्याच्या टाकीमागं एक स्थळ हाये, दोन खोल्या, पण घरमालकीण खाष्ट दिसते." मला ती बरोबर नेते, कारण मी चारचौघांत बरी दिसते, असं तिचं म्हणणं. एका निवृत्त गुरुजींकडे आम्ही गेलो होतो. गुरुजी नियम सांगायला बसले. ही थेट न्हाणीघरात. नळ सोडला, दाराला आतून कडी लावून पाहिली, खिडकीतून वास घेतला. बाहेर येऊन गुरुजींच्या बायकोला म्हणाली, "तुम्हाले राग लवकर येते का? घरमालक पितेत का?"

गुरुजी ताडकन उठले. "अहो, भाडेकरू आम्ही पाहायचा, की तुम्ही आम्हाला पाहायला आलात?"

"दोघंबी पाहू ना गुरुजी. पसंती दोन्हीकडून लागते."

गुरुजींच्या बायकोला हसू आवरेना. स्थळ जमलं.

सत्तारभाईचं स्थळ मात्र जमता जमेना. सत्तारभाई कूलर, पंखे, मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या भाड्याच्या खोलीत शॉर्टसर्किट होऊन सगळं जळालं. तो बिचारा धर्मशाळेत राहायला आलाच नव्हता. हत्यारांची वाचलेली पेटी चार दिवस ठेवू द्याल का, एवढंच विचारायला ओसरीखाली उभा होता. मागे बायको नसरीन, तिच्या कडेवर लेक.

"पेटी राहीन अन् तुम्ही कुठं राहसान?" मोठीमायनं विचारलं.

"देखेंगे मोठीमाय, कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे कुठं? पाय धुतले का?"

दुसऱ्याच दिवशी मनोहरराव आले. मनोहरराव म्हणजे देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. कापसाचे व्यापारी, पांढरे कपडे, कपाळाला शेंदूर, बोलणं साखरेसारखं. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कुणी नाराज झालेलं चालत नाही, आणि गावात कुणी ना कुणी सतत नाराज असतं.

"मोठीमाय," ते खाकरून म्हणाले, "हे मारुतीचं ठिकाण आहे. लोक बोलून राहिले."

"काय बोलून राह्यले?"

"हेच, की... इथं कोण कोण राहतं म्हणून."

"मंग काय झालं? म्या मारुतीले इचारलं ना. म्हटलं, काय गा, चालते का? तो नाही म्हणला नाही. तुले काही बोलला का?"

"अहो, देव कसा बोलेल?"

"तो बोलत नाही, तं तू काहून त्याच्या वतीनं बोलून राह्यला?"

मनोहरराव मारुतीला नमस्कार करून निघून गेले. सत्तारभाईनं त्या आठवड्यात देवळाचा कैक वर्षं बंद पडलेला भोंगा दुरुस्त करून दिला. त्याचा पुढे आम्हा शेजाऱ्यांना फार पश्चात्ताप झाला.

खोली शोधताना मात्र नाव सांगितलं, की दार बंद. "पाहुणे येणार आहेत", "रंगकाम काढायचं आहे", "पोराचं लग्न ठरलं". मोठीमाय चिडत गेली. एका घरी सगळं पसंत पडलं होतं. नळ चांगला, कडी चांगली, घरमालकीण हसरी. घरमालकानं विचारलं, "राहणार कोण?"

"माहा भाचा."

"नाव काय?"

"सत्तार."

घरमालकानं आमच्याकडे पाहिलं. "तसं काय आहे, आम्हाला सध्या खोली द्यायचीच नाही."

मोठीमाय त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसली. "भितीवर तं पाटी लावली तू. खोली भाड्यानं देणे आहे. म्याच वाचून घेतली पिकोवालीकडून. काहून नाही देत ते सांग. तोंडानं सांग. म्या आयकाले बसली."

त्याला ते तोंडानं सांगता येईना. दहा कारणं सुचली, पण खरं एकही उच्चारता येईना. गल्लीतली माणसं जमली. मोठीमायनं सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली आणि आणखी ऐसपैस बसली. शेवटी आतून त्याची बायको म्हणाली, "देऊन टाका ना हो. नाहीतर ही बाई इथंच राहायला येते." एकदाची खोली मिळाली.

सत्तारभाई सामान हलवायला आला, तेव्हा मोठीमाय बाहेर आलीच नाही. मागे बसून एक घासलेलं पातेलं पुन्हा घासत होती. तिची ही सवय मी नंतर पुष्कळदा पाहिली. येणाऱ्याला ती दारात येऊन घेते. जाणाऱ्याच्या वेळी तिला कामच काम असतं.

आणि मग रेखा आली. मुकुटबनकडची. नवरा मोटारसायकलच्या अपघातात गेला. दिरांनी तेरावं झाल्यावर तिची खोली बैलांच्या कडब्यासाठी घेतली. माहेरी भावजयीनं चार दिवस ठेवून पाचव्या दिवशी तिची पिशवी दारात आणून ठेवली. सोबत लेक होती, पहिलीतली, परी नावाची. रेखानं पाय धुतले, पोहे खाल्ले, पण हातोडी घेतली नाही.

"मी नाही ठोकत," ती म्हणाली. "उद्या काढा म्हणाल. उगाच कायले?"

मी मोठीमायकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही तडकणार. पण तिनं हातोडी मुकाट्यानं शर्टाच्या खिशात टाकली. "जवा ठोकावं वाटीन तवा माग," एवढंच बोलली. रेखाची पिशवी तशीच भिंतीला टेकून राहिली; आठवडे गेले तरी गाठ सुटली नाही. ती माझ्याकडे काजं-बटणं करायला येऊ लागली. हात सफाईदार, तोंड बंद.

तिच्या आगमनानंतर काही आठवड्यांनी कमिटीच्या ग्रुपवर निरोप फिरला. धर्मशाळा पाडून तिथे मंगल कार्यालय बांधायचं. भक्तांच्या सोयीसाठी. सध्या राहत असलेल्यांनी येत्या शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करून सहकार्य करावं. निरोपाखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती.

मी तो मोठीमायला वाचून दाखवला. तिनं ऐकला. "मंग काय झालं?" म्हणाली नाही. उठली, गाभाऱ्याशी गेली आणि पहिल्यांदाच मारुतीशी इतक्या हळू बोलली, की मला ऐकू आलं नाही.

शनिवार म्हणजे मारुतीचा वार. सकाळपासून तेलाच्या वाट्या आणि रुईच्या माळा घेऊन माणसं येतात. मनोहररावांनी हाच दिवस का धरला, देव जाणे. बहुधा कमिटीतले सगळे त्या दिवशी देवळात सापडतात म्हणून. ते दोन सभासदांना आणि नव्या कुलपांना घेऊन आले. मी दुकान उघडत होते. ओसरीवर गर्दी पाहून धावत गेले.

ओसरीच्या पायरीवर मारुती बसला होता.

गाभाऱ्यातला शेंदराचा दगडी मारुती जागचा हलणं शक्य नाही. पण पालखीत मिरवतात तो पितळी मारुती मोठीमायनं बाहेर आणून पायरीवर ठेवला होता. त्याच्याशेजारी एक गठुडं, एक स्टो, पाण्याचा तांब्या, गुंडाळलेली सतरंजी. देव बसस्टँडवर गाडीची वाट पाहत असावा, तसा दिसत होता. मोठीमाय बाजूला हात बांधून उभी.

भाविकांची पंचाईत झाली होती. तेल आत वाहायचं की बाहेर? काहींनी निम्मं निम्मं केलं. एक आजी पायरीवरच्या देवाला माळ घालून विचारत होत्या, "माय वं, हा कुठं चालला?"

मनोहररावांचा चेहरा उतरला. "मोठीमाय, हे काय आहे?"

"काही नाही गा. हा बी निघाला. म्हणते, माह्या पाहुण्याइले हाकलून राह्यले तं मी बी जातो त्याइच्या संगं."

"देवाला आत नेऊन ठेवा."

"कोणत्या खोलीत? खोल्याइले तं कुलपं आणले तू."

"गाभाऱ्यात ठेवा! त्याची जागा तिथं आहे."

"त्याची हाये. याइची कुठं हाये ते सांग, म्हंजे दोघायलेबी ठेवून येतो."

कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाइल वर धरला. मनोहररावांनी सभासदांकडे पाहिलं. त्यातला एक देवाला उचलायला वाकला. मोठीमायनं त्याला अडवलं नाही. फक्त म्हणाली, "उचल बाप्पा. पण त्याचं गठुडं बी उचल. त्यानं सोताच्या हातानं बांधलं." शनिवारच्या दिवशी, एवढ्या लोकांसमोर, बिऱ्हाडासकट निघालेल्या देवाला उचलून आत कोंडायचं कसं? सभासद कंबर धरून सरळ झाला. त्याची पाठ दुखत होती म्हणे.

"मोठीमाय, कार्यालय झालं तर गावाचंच भलं आहे," मनोहरराव काकुळतीनं म्हणाले. "गरिबांच्या पोरींची लग्नं होतील इथं."

"व्हावो ना. अन् लग्न करून दिल्यावर तिले कोणी घरातून काढलं तं तिनं कुठं यावं? कार्यालयात? तवा तं तिथं दुसऱ्या पोरीचं लग्न राहीन."

मनोहररावांच्या हातात कुलूप होतं, आणि हातातल्या कुलपाचं काहीतरी करायला हवं, म्हणून ते पहिल्या खोलीकडे वळले. ती रेखाची खोली. रेखा दारात उभी होती, परीचा हात धरून. ही आता मुकाट्यानं पिशवी उचलणार, असं मला वाटलं.

रेखा ओसरीवरून सरळ चालत मोठीमायपाशी आली. हात पुढे केला.

"हातोडी द्या."

मोठीमायनं खिशात हात घातला. तिला आधी सुपारी सापडली, मग चाब्या, मग कुठे हातोडी आणि खिळा. रेखा परत खोलीत गेली. मनोहरराव कुलूप घेऊन दारात, आणि आत रेखा भिंतीला खिळा ठोकतेय. ठक, ठक, ठक. खिळा वाकला. तिनं तो काढला, दगडावर सरळ केला, पुन्हा ठोकला. मग पिशवीची गाठ सोडली आणि परीचा शाळेचा सदरा त्याला अडकवला.

"मी जात नाही," ती मनोहररावांना म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी गावानं पहिल्यांदा ऐकला.

मनोहररावांनी कुलूप खिशात टाकलं.

पुढे बैठका झाल्या. आरडाओरडा झाला. गाव दोन तटांत वाटलं गेलं आणि पुन्हा एक झालं. शेवटी ठरलं ते असं: मागच्या खोल्या राहतील, मोठीमाय राहील, पाहुणे राहतील. पुढच्या दोन खोल्या आणि ओसरीचा तुकडा पाडून छोटा हॉल होईल. मोठीमायला हे पटलं नव्हतं. "निम्मा देव आत, निम्मा बाहेर," असं ती कितीतरी दिवस कुरकुरत होती. पण मागच्या खोल्यांना हात लावणार नाही, हे तिनं मनोहररावांना गाभाऱ्यात उभं करून त्यांच्याकडून वदवून घेतलं. दोनदा. एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा मारुतीला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून.

पुढच्या खोल्यांत रेखाची खोली होती. मागे सगळीकडे माणसं होती. रेखासाठी स्थळं पाहणं सुरू झालं, पण एकट्या बाईला खोली म्हटलं, की लोकांना नको ते प्रश्न पडायचे. मोठीमाय दोन-तीन ओट्यांवर मांडी घालून आली. मग एका दुपारी माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "पिकोवाली, टेप घे. कळंबले जाऊ. एका ठिकाणी पडद्याचं माप घ्याचं हाये. रेखालेबी संगं घे."

आम्ही एस.टी.नं कळंबला गेलो; मी, रेखा, परी आणि मोठीमाय. चिंतामणीच्या देवळाच्या गर्दीतून बाहेर पडून ती झपाझप एका गल्लीत शिरली. शेवटी एक पक्कं, बैठं घर होतं. पुढे अंगण, जाळीचं फाटक. मला वाटलं, आता ही मालकाला हाक मारणार आणि राग येतो का विचारणार. तिनं पातळाच्या आत हात घालून कनवटीची चावी काढली आणि कुलूप उघडलं.

"कुणाचं घर आहे?" मी विचारलं.

"माहं."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. ज्या बाईला मी इतकी वर्षं धर्मशाळेच्या कोपऱ्यात सतरंजीवर झोपताना पाहत होते, तिचं दोन खोल्यांचं, स्वयंपाकघराचं, फरशीचं स्वतःचं घर होतं. आत सगळं झाकून ठेवलेलं. धूळही फारशी नव्हती. म्हणजे ती अधूनमधून येऊन झाडून जात असावी, कुणाला न सांगता.

"मोठीमाय, मग तुम्ही इथं का नाही राहत?"

ती एकेक खिडकी उघडत गेली. एक अडकली होती, तिला दणका घातला. मग माझ्याकडे पाठ करूनच बोलली.

"राह्यली व्हती. तुहे काकाजी गेल्यावर. लेकरू तं आम्हाले नव्हतंच. सकाळी दार उघडाचं, संध्याकाळी लावाचं. मधात कोणी हाकच मारत नव्हतं वं. एक दिवस दूध उतू गेलं तं म्या 'अरे अरे' केलं, अन् माहाच आवाज आयकून दचकली. म्हटलं, हे काही खरं नाही. बाभुळगावले बहिणीकडे गेलती, तिथं देवळात बसली. तिथं लोकं भांडून राह्यले व्हते पाण्यावरून. लय बरं वाटलं मले. मंग तिथंच राह्यली."

एवढं ती एका दमात बोलली आणि लगेच रेखावर खेकसली, "अशी उभी काय राह्यली? चूल पाह्य पेटते का. आता तू राहाचं इथं. कळंबले शिवणाचं काम भेटीन तुले. पिकोवाली पाहीन."

रेखा चूल पाहायला आत गेली. मोठीमायनं वाटेत थोडं सामान घेतलं होतं, चहापत्ती, साखर, दुधाची पिशवी. परी अंगणात धावत फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. मी खिडक्यांची मापं घेतली. मोठीमाय घरभर फिरली, पण कुठे बसली नाही. शेवटी दाराजवळच्या भिंतीला लागून, पाहुणी बसते तशी, जमिनीवर टेकली. पाय आखडून, पातळ सावरून.

रेखा चहा घेऊन आली. पहिला कप तिच्या हातात दिला.

मोठीमायनं कप दोन्ही हातांनी धरला. मग कपाकडे बघत म्हणाली, "या घरात म्या लय चहा केला. त्याइच्यासाठी, त्याइच्या दोस्ताइसाठी, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. माह्या हातात कोणी आणून देल्ला नव्हता."

तिनं चहा प्यायला, घोट घोट, जराही घाई न करता. मोठीमायला इतकं सावकाश काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मी म्हटलं, "मोठीमाय, गाडीची वेळ झाली. निघू या."

ती उठली नाही. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तिकडचं पाहशीन का तू आजच्या दिवस?"

"पाहीन ना."

मग तिनं रेखाकडे पाहिलं. गाभाऱ्यात देवाला दरडावणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"आजच्यापुरती जागा हाये का वं?" तिनं विचारलं.

रेखा आत गेली. झाकलेल्या सामानातून तिनं सतरंजी काढली, दारात नेऊन झटकली आणि आतल्या खोलीत, पंख्याखाली, स्वतःच्या आणि परीच्या जागेच्या मधोमध अंथरली.